ब्रेकिंग अवे

ब्रेकिंग अवे हा १९७९ साली प्रदर्शित झालेला इंग्रजी भाषेतील अमेरिकन चित्रपट आहे. ब्रिटिश दिग्दर्शक पीटर येट्स यांनी त्याची निर्मिती व दिग्दर्शन केले असून पटकथा स्टीव्ह टेसिच यांची आहे. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन या विद्यापीठीय शहरात राहणाऱ्या चार मित्रांची ही कथा आहे. हे चौघे कामगारवर्गीय कुटुंबांतील असून त्यांचे हायस्कूलचे शिक्षण संपून सुमारे वर्ष उलटले आहे. डेनिस क्रिस्टोफर, डेनिस क्वेड, डॅनियल स्टर्न आणि जॅकी अर्ल हेली यांनी या मित्रांच्या भूमिका केल्या आहेत. मूळ पटकथेसाठीचा ऑस्कर पुरस्कार या चित्रपटाला मिळाला.

कथेचा शेवट सायकल शर्यतीने होत असल्यामुळे 'ब्रेकिंग अवे'ची गणना सामान्यतः क्रीडापटांमध्ये केली जाते. तथापि शर्यत हा कथेचा केवळ एक भाग आहे. वडिलांच्या पिढीला पोसणारा उद्योग मंदावल्यावर मुलांनी कोठे जावे, आणि मित्रांची सोबत न सोडता प्रत्येकाला आपापली वाट धरता येते का, हे त्याचे मुख्य विषय आहेत.

शीर्षकाचा अर्थ

सायकल शर्यतीत मुख्य घोळक्यातून वेग वाढवून पुढे निसटण्याच्या डावपेचाला इंग्रजीत हा शब्दप्रयोग वापरतात. बंध तोडून बाहेर पडणे असाही त्याचा अर्थ होतो. नायकाचे शर्यतीत पुढे जाणे आणि घर, गाव, वर्ग व मित्रमंडळ यांनी आखून दिलेल्या चाकोरीतून बाहेर पडणे, असे दोन्ही अर्थ शीर्षकात अभिप्रेत आहेत.

पार्श्वभूमी

ब्लूमिंग्टन आणि चुनखडी

दक्षिण इंडियानातील ब्लूमिंग्टन, बेडफर्ड व ऊलिटिक या गावांच्या परिसरात उत्तम प्रतीच्या चुनखडी दगडाचा पट्टा आहे. हा दगड बारीक व एकसारख्या कणांचा असल्यामुळे कोणत्याही दिशेने सुबक कापता येतो. खाणीतून नुकताच काढलेला असताना तो घडवण्यास तुलनेने सोपा असतो आणि हवेत राहिल्यावर अधिक कठीण होतो. या गुणांमुळे अमेरिकेतील अनेक सार्वजनिक इमारतींसाठी त्याला मागणी आली. १८७१ साली शिकागो शहरात मोठी आग लागली. त्यानंतरच्या पुनर्बांधणीने या व्यवसायाला चालना दिली. न्यू यॉर्कमधील एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या दर्शनी भागासाठी याच परिसरातील दगड वापरला आहे. ही इमारत १९३१ साली पूर्ण झाली. वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय कॅथेड्रल आणि पेंटॅगॉन यांच्या बांधकामातही हा दगड आहे.

खाणीतून दगडाचे प्रचंड ठोकळे काढणे, गिरणीत ते कापणे आणि त्यांना आकार देणे या कामांवर परिसरातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालत असे. मुलगा शाळा संपवून बापाच्या जोडीला कामावर जाई, अशी रीत होती. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर बांधकामात पोलाद, काच व काँक्रीट यांचा वापर वाढला, तसा हा उद्योग आकुंचन पावला. काही खाणी सोडून देण्यात आल्या आणि त्यांत पाणी साचून खोल तळी तयार झाली. चित्रपटातील चारही मित्र अशाच एका तळ्यावर पोहायला जातात. वडिलांचे कामाचे ठिकाण मुलांच्या पिढीला रिकामा वेळ घालवण्याची जागा झाले आहे, आणि हे कोणत्याही भाष्याविना पहिल्याच प्रसंगांतून प्रेक्षकाला समजते.

गाव आणि विद्यापीठ

इंडियाना विद्यापीठाची स्थापना १८२० साली झाली. त्याच्या ब्लूमिंग्टन येथील आवारातील अनेक इमारती स्थानिक चुनखडीच्याच आहेत. ज्यांनी हा दगड खणला व घडवला, त्यांच्या मुलांपैकी अनेकांना विद्यापीठाचे दार मात्र परके वाटत असे. बाहेरगावाहून येणारे सधन विद्यार्थी आणि स्थानिक तरुण यांच्यातील तेढ हा चित्रपटातील संघर्षाचा पाया आहे.

अमेरिकन शिक्षणपद्धतीत हायस्कूल बारावी इयत्तेपर्यंत असते आणि ते संपताना विद्यार्थी साधारणतः १८ वर्षांचा असतो. त्यापुढे महाविद्यालय, नोकरी किंवा सैन्य हे प्रमुख पर्याय असतात. चित्रपटातील मित्र यांपैकी काहीही न निवडता थांबून राहिलेले आहेत. त्यांच्या वडिलांच्या पिढीला निवड करण्याची गरज फारशी पडली नव्हती, कारण खाण होती. मुलांना मात्र निवड करणे भाग आहे, आणि ती कशी करावी हे दाखवणारे त्यांच्या घरात कोणी नाही.

'कटर' ही संज्ञा

विद्यापीठातील विद्यार्थी स्थानिक तरुणांना हिणवण्यासाठी 'कटर' म्हणतात. दगड कापणारा, म्हणजेच मराठीत पाथरवट, असा या शब्दाचा अर्थ आहे. प्रत्यक्षात गावकऱ्यांसाठी प्रचलित असलेला टोपणशब्द दगड या अर्थाच्या इंग्रजी शब्दापासून बनलेला होता. पण त्यातून अमली पदार्थांच्या नशेचा अर्थ निघण्याची शक्यता असल्याने चित्रपटात 'कटर' हा पर्याय घेतला गेला, असे सांगितले जाते.

या शब्दातील विसंगती कथेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. चौघांपैकी एकानेही कधी दगड कापलेला नाही. व्यवसाय वडिलांचा होता आणि तो गेल्यावर मुलांच्या वाट्याला त्याचे नाव तेवढे शिल्लक राहिले, तेही शिवी म्हणून. कथेच्या उत्तरार्धात ते हेच नाव आपल्या शर्यत संघासाठी निवडतात आणि ते छापलेले सदरे घालून मैदानात उतरतात.

कथानक

डेव्ह स्टोलर याला सायकल शर्यतींचे वेड आहे. बक्षीस म्हणून इटालियन बनावटीची सायकल मिळाल्यापासून तो इटालियन सायकलपटूंना आदर्श मानू लागला आहे. तो घरात इटालियन शब्द वापरतो, ऑपेरा संगीत ऐकतो, पायांवरील केस काढतो आणि मांजराचे नाव बदलून 'फेलिनी' ठेवतो. आई एव्हलिन हे कौतुकाने चालवून घेते व इटालियन पदार्थही रांधते. वडील रे यांना मात्र हा सारा प्रकार असह्य होतो. रे पूर्वी दगड कापण्याच्या कामावर होते. आता ते विद्यार्थ्यांना जुन्या मोटारी विकतात.

डेव्ह व त्याचे मित्र माईक, सिरिल आणि मूचर दिवसाचा बराचसा वेळ खाणीतील तळ्यावर किंवा गावात हिंडण्यात घालवतात. आपण एकत्र राहायचे, असा त्यांच्यात अलिखित करार आहे. डेव्हची विद्यापीठातील कॅथरीन या विद्यार्थिनीशी ओळख होते, तेव्हा तो आपण इटलीहून आलेले विद्यार्थी आहोत अशी बतावणी करतो. तिच्या वसतिगृहाच्या खिडकीखाली तो इटालियन गीत गातो आणि सिरिल त्याला गिटारची साथ देतो. या प्रकाराने चिडलेला कॅथरीनचा मित्र रॉड व त्याचे सोबती सिरिलला मारहाण करतात. त्यातून स्थानिक तरुण व विद्यार्थी यांच्यातील भांडण पेटते. दोन्ही गटांत हाणामारी झाल्यावर विद्यापीठाचे अध्यक्ष विद्यार्थ्यांना समज देतात आणि 'लिटल ५००' या वार्षिक सायकल शर्यतीत गावातील तरुणांचाही संघ उतरेल, असे ठरते.

दरम्यान, डेव्ह ज्यांना पूजतो तो इटालियन संघ इंडियानापोलिस येथे शर्यतीसाठी येतो. डेव्ह त्यांच्या बरोबरीने सायकल चालवतो आणि त्यांच्याशी आनंदाने इटालियन भाषेत बोलू लागतो. एक अमेरिकन पोरगा आपल्याला गाठतो हे सहन न होऊन त्यांच्यापैकी एक जण त्याच्या चाकात पंप अडकवतो आणि डेव्ह रस्त्यावर कोसळतो. या अनुभवाने त्याचे इटालियन स्वप्न संपुष्टात येते. तो भिंतीवरील चित्रे उतरवतो आणि कॅथरीनला आपले खरे नाव व गाव सांगतो. ती दुखावते आणि त्याच्या थोबाडीत मारते.

त्यानंतर एका रात्री रे मुलासोबत विद्यापीठाच्या आवारात फिरतात. या इमारतींसाठी दगड आपण कापला आणि त्या कामाचा आपल्याला अभिमान होता, असे ते सांगतात. परंतु इमारती उभ्या राहिल्यावर त्या आपल्यासाठी फारच चांगल्या आहेत असे वाटू लागले आणि तेथे वावरताना अवघडल्यासारखे होऊ लागले, हेही ते कबूल करतात. आपण कटर असल्याचा आपल्यालाही अभिमान आहे, असे डेव्ह म्हणतो. त्यावर कटर मी आहे, तू नाहीस, असे वडील त्याला सुनावतात. हा प्रसंग चित्रपटाचा आशयबिंदू मानला जातो.

शर्यतीच्या दिवशी डेव्ह एकटाच बराच काळ सायकल चालवतो, कारण बाकीचे तिघे या खेळात नवखे आहेत. अपघातात तो जखमी होतो तेव्हा मात्र तिघांना आळीपाळीने सायकलवर बसावेच लागते. संघ मागे पडतो. अखेरच्या टप्प्यात डेव्ह आपले पाय चिकटपट्टीने पायट्याला बांधून घेतो आणि निसटत्या फरकाने शर्यत जिंकतो. शेवटच्या प्रसंगात तो विद्यापीठात विद्यार्थी म्हणून दाखल झालेला दिसतो. एका फ्रेंच विद्यार्थिनीशी त्याची नुकतीच ओळख झाली आहे, आणि सायकलवरून जाणाऱ्या वडिलांना तो फ्रेंच भाषेत अभिवादन करतो. वडील चकित होऊन वळून पाहतात व तेथेच चित्रपट संपतो.

चार मित्र

एकाच परिस्थितीतून आलेल्या चार तरुणांचे चार वेगवेगळे स्वभाव पटकथेने उभे केले आहेत.

डेव्ह हा चौघांतील स्वप्नाळू तरुण आहे. आपल्या वर्गापासून दूर जाण्यासाठी तो दुसऱ्या देशाची भाषा व नाव उसने घेतो. त्याचे इटालियन सोंग विनोदी असले तरी त्यामागे गावात आपल्याला 'कटर' यापलीकडे ओळख नाही ही जाणीव आहे. शेवटी तो विद्यापीठात जातो तेव्हा मात्र त्याला खोट्या नावाची गरज उरलेली नसते.

माईक शाळेत असताना फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानावरील सूत्रधार होता. विद्यापीठाच्या मैदानावरील सराव दुरून पाहताना तो मित्रांजवळ आपले शल्य बोलून दाखवतो. दरवर्षी नवे खेळाडू येतील, वर्तमानपत्रांत त्यांची नावे झळकतील, आपण मात्र गावात वय वाढलेला माईक म्हणूनच राहू, अशी त्याची खंत आहे. चौघांना एकत्र ठेवण्याचा सर्वाधिक आग्रह त्याचाच असतो. मित्रांपैकी कोणी पुढे गेले तर आपण मागे पडू, ही भीती त्या आग्रहात मिसळलेली आहे. पोलीस दलात असलेला त्याचा मोठा भाऊ त्याला वारंवार वास्तवाची आठवण करून देतो.

सिरिल उंच, विनोदी व गिटार वाजवणारा आहे. बास्केटबॉलच्या जोरावर शिष्यवृत्ती मिळण्याची त्याची आशा फोल ठरली आहे. अपयशी मुलाची समजूत घालायला वडील नेहमीच तयार असतात, असे तो उपहासाने सांगतो. आपल्या अपयशाची घरात आधीपासूनच अपेक्षा होती, हे दुःख त्याने थट्टेआड लपवलेले आहे.

मूचर चौघांत सर्वांत ठेंगणा. त्याचे वडील कामाच्या शोधात शिकागोला गेले असून तो विकायला काढलेल्या घरात एकटाच राहतो. मोटारी धुण्याच्या केंद्रात त्याला नोकरी मिळते, पण मालक त्याच्या उंचीवरून त्याला हाक मारतो आणि हजेरीच्या घड्याळात कार्ड टोचण्याची आठवण करतो. इंग्रजीत या क्रियेसाठी वापरले जाणारे क्रियापद ठोसा मारणे या अर्थाचेही आहे. मूचर ते शब्दशः घेऊन घड्याळावर ठोसा मारतो आणि नोकरी सोडतो. पुढे मात्र तो आपली मैत्रीण नॅन्सी हिच्याशी कोणताही गाजावाजा न करता विवाह करतो. मित्रांच्या करारातून अशा प्रकारे तोच प्रथम बाहेर पडतो आणि प्रौढपणाची जबाबदारी चौघांत सर्वांत आधी स्वीकारतो.

शर्यत जिंकल्यानंतर माईक व सिरिल यांचे पुढे काय होते, हे चित्रपट सांगत नाही. विजयामुळे त्यांना मान मिळतो. नोकरी किंवा शिक्षणाचा प्रश्न मात्र सुटत नाही. चौघांपैकी एकच जण विद्यापीठात पोहोचतो. आनंदी शेवट असूनही कथा वास्तवाशी प्रामाणिक राहिली आहे, ती या संयमामुळे.

आई-वडील

डेव्हचे आई-वडील ही चित्रपटातील महत्त्वाची पात्रे आहेत. रे हे चिडखोर गृहस्थ म्हणून प्रथम समोर येतात आणि विनोदाचा मोठा भाग त्यांच्याच वाट्याला आला आहे. मात्र मुलाच्या रिकामपणावरील त्यांच्या रागाच्या मुळाशी स्वतःच्या कामाची आठवण आहे. तरुण वयात ते थकून घरी येत, आणि आपला मुलगाही तसाच थकावा असे त्यांना वाटते. मुलाने खाणीत जावे अशी त्यांची इच्छा नाही. त्याने विद्यापीठात जावे हे सांगणेही त्यांना जड जाते. ज्या विद्यार्थ्यांना ते मोटारी विकतात, त्यांच्याविषयी त्यांच्या मनात व्यावसायिक गोडवा व वर्गीय अढी एकाच वेळी नांदतात.

एव्हलिनचे पात्र शांत आहे. एका प्रसंगात ती मुलाला आपले पारपत्र दाखवते. ते ती नेहमी जवळ बाळगते, पण ते वापरण्याची वेळ तिच्यावर कधीच आलेली नाही. दूर जाण्याची ओढ डेव्हला आईकडून मिळाली असावी, हे या छोट्या प्रसंगातून सूचित होते.

निर्मिती

पटकथाकार

स्टीव्ह टेसिच यांचा जन्म १९४२ साली तत्कालीन युगोस्लाव्हियातील उझित्से येथे झाला. किशोरवयात ते कुटुंबासह अमेरिकेत आले आणि इंडियाना राज्यातील ईस्ट शिकागो या औद्योगिक शहरात वाढले. इंडियाना विद्यापीठातून त्यांनी रशियन विषयात पदवी घेतली. नवी भाषा शिकून नव्या समाजात शिरण्याचा अनुभव त्यांना स्वतःला होता. डेव्हच्या उसन्या इटालियनपणाकडे पटकथा सहानुभूतीने पाहते, याचे एक कारण त्यात शोधता येते.

विद्यार्थिदशेत टेसिच १९६२ सालच्या 'लिटल ५००' शर्यतीत फाय कॅपा साय या संघाचे राखीव सायकलपटू होते. त्या संघातील डेव्ह ब्लेझ यांनी २०० पैकी १३९ फेऱ्या एकट्याने पूर्ण केल्या आणि संघाला विजय मिळवून दिला. इटालियन संस्कृतीची आवड असलेले ब्लेझ हे डेव्ह स्टोलर या पात्राचे मूळ होत. चित्रपटात ते शर्यतीचे निवेदक म्हणून अल्पकाळ दिसतात.

टेसिच यांनी प्रारंभी दोन स्वतंत्र पटकथा लिहिल्या होत्या. एक सायकलपटूविषयी होती व दुसरी गावातील कामगारवर्गीय तरुणांविषयी. येट्स यांनी दोन्ही एकत्र करण्याचे सुचवले. मित्रांची कथा आणि शर्यतीची कथा या दोन धाग्यांची वीण त्यातून तयार झाली.

चित्रीकरण

चित्रीकरण १९७८ साली प्रामुख्याने ब्लूमिंग्टन शहरात, विद्यापीठाच्या आवारात आणि परिसरातील खाणींवर झाले. छायाचित्रण मॅथ्यू लिओनेटी यांचे आहे. विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष जॉन रायन यांनी अध्यक्षाचीच भूमिका केली. अंतिम शर्यत विद्यापीठाच्या जुन्या मैदानावर चित्रित झाली. हे मैदान पुढे पाडण्यात आले. येट्स यापूर्वी 'बुलिट' (१९६८) या चित्रपटातील मोटारींच्या पाठलागासाठी प्रसिद्ध होते. वेगाचे चित्रण करण्याचे त्यांचे कौशल्य येथे महामार्गावर मालमोटारीमागे सायकल पळवणाऱ्या डेव्हच्या प्रसंगात दिसते.

संगीत

संगीत संयोजन पॅट्रिक विल्यम्स यांचे आहे. त्यात मेंडेल्सन यांची 'इटालियन' नावाने ओळखली जाणारी चौथी सिंफनी, रोसिनी यांच्या 'द बार्बर ऑफ सेव्हिल' या ऑपेरातील संगीत आणि फ्लोटो यांच्या 'मार्था' ऑपेरातील गीत यांचा उपयोग केला आहे. लहान गावातील रस्त्यांवर युरोपीय अभिजात संगीत ऐकू येते तेव्हा नायकाच्या मनातील जग व प्रत्यक्ष जग यांतील अंतर विनोदी आणि हृद्य अशा दोन्ही रीतींनी जाणवते.

कलाकार

- डेनिस क्रिस्टोफर – डेव्ह स्टोलर
- डेनिस क्वेड – माईक
- डॅनियल स्टर्न – सिरिल
- जॅकी अर्ल हेली – मूचर
- बार्बरा बॅरी – एव्हलिन स्टोलर, डेव्हची आई
- पॉल डूली – रे स्टोलर, डेव्हचे वडील
- रॉबिन डग्लस – कॅथरीन
- हार्ट बॉकनर – रॉड
- एमी राइट – नॅन्सी
- जॉन ॲश्टन – माईकचा भाऊ

लिटल ५०० शर्यत

चित्रपटातील शर्यत काल्पनिक नाही. इंडियाना विद्यापीठात 'लिटल ५००' १९५१ सालापासून भरते. इंडियानापोलिस येथील प्रसिद्ध '५००' मोटार शर्यतीवरून तिची कल्पना सुचली आणि शिक्षण घेताना काम करून खर्च भागवणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीचा निधी उभारणे हा तिचा उद्देश ठरवण्यात आला. पाव मैलाच्या सिंडर मार्गावर २०० फेऱ्या, म्हणजे ५० मैल (सुमारे ८० किलोमीटर) अंतर कापायचे असते. प्रत्येक संघात चार जण असतात आणि ते एकमेकांकडे सायकल सोपवत शर्यत पुढे नेतात. सायकली एकाच गतिचक्राच्या व एकसारख्या असतात, त्यामुळे महागडे साधन वापरून फायदा घेता येत नाही. स्त्रियांची स्वतंत्र शर्यत १९८८ साली सुरू झाली.

शर्यतीचे हे स्वरूप कथेला पूरक ठरले आहे. डेव्हची उंची इटालियन सायकल येथे उपयोगी पडत नाही आणि एकट्याच्या बळावर विजय मिळवणे अवघड असते. मित्रांना त्याच्या स्वप्नात प्रत्यक्ष सहभागी व्हावे लागते. वास्तवातील शर्यत मात्र विद्यार्थ्यांपुरतीच आहे. गावातील बिगर-विद्यार्थी तरुणांचा संघ हा पटकथेतील कल्पित भाग आहे.

प्रदर्शन, प्रतिसाद व पुरस्कार

ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या कंपनीने जुलै १९७९ मध्ये चित्रपट प्रदर्शित केला. मोठे तारे नसलेल्या, मध्यम खर्चाच्या या चित्रपटाला समीक्षक व प्रेक्षक या दोघांचीही पसंती मिळाली. त्यातील विनोद, कौटुंबिक नात्यांचे चित्रण आणि अमेरिकन चित्रपटांत क्वचित हाताळला जाणारा वर्गभेदाचा विषय यांची विशेष प्रशंसा झाली.

१९८० साली झालेल्या ५२ व्या ऑस्कर सोहळ्यात चित्रपटाला पाच नामांकने होती: सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन (येट्स), सहायक अभिनेत्री (बार्बरा बॅरी), रूपांतरित संगीत (विल्यम्स) आणि मूळ पटकथा (टेसिच). यांपैकी पटकथेचा पुरस्कार मिळाला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार त्या वर्षी 'क्रेमर व्हर्सेस क्रेमर'ला गेला. विनोदी वा संगीतप्रधान चित्रपटांच्या गटातील गोल्डन ग्लोब पुरस्कार 'ब्रेकिंग अवे'ने पटकावला. डेनिस क्रिस्टोफर यांना नवोदित कलाकारासाठीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला.

अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या १०० प्रेरणादायी चित्रपटांच्या यादीत त्याला आठवे स्थान दिले. २००८ सालच्या दहा उत्कृष्ट क्रीडापटांच्या यादीतही त्याचा समावेश आहे.

प्रभाव

चित्रपटावर आधारित त्याच नावाची दूरचित्रवाणी मालिका १९८० साली अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर सुरू झाली. तिच्यात डेव्हची भूमिका शॉन कॅसिडी यांनी केली, तर बार्बरा बॅरी व जॅकी अर्ल हेली यांनी आपल्या मूळ भूमिका पुन्हा साकारल्या. ही मालिका अल्पकाळच चालली.

टेसिच यांनी पुढे 'फोर फ्रेंड्स' (१९८१) या चित्रपटाच्या पटकथेत ईस्ट शिकागोमधील तरुण मित्रांचे आयुष्य हाताळले. 'अमेरिकन फ्लायर्स' (१९८५) या त्यांच्या आणखी एका पटकथेचा विषय सायकल शर्यतच आहे. १९९६ साली त्यांचे निधन झाले.

ब्लूमिंग्टनमध्ये 'कटर' हा शब्द चित्रपटामुळे अभिमानाचा झाला. १९८४ साली 'लिटल ५००' शर्यतीसाठी 'कटर्स' नावाचा विद्यार्थ्यांचा संघ स्थापन झाला आणि त्याने ही शर्यत अनेकदा जिंकली आहे. कल्पित संघाचे नाव अशा रीतीने प्रत्यक्ष मैदानावर आले, मात्र ते धारण करणारे आता विद्यापीठाचेच विद्यार्थी आहेत.

भारतीय प्रेक्षकांना या कथेची आठवण मन्सूर खान दिग्दर्शित 'जो जीता वही सिकंदर' (१९९२) या हिंदी चित्रपटामुळे होते. आमिर खान यांची प्रमुख भूमिका असलेल्या या चित्रपटात डेहराडूनमधील स्थानिक मुले व श्रीमंत महाविद्यालयातील मुले यांच्यातील चुरस सायकल शर्यतीने निकालात निघते. दोन्ही चित्रपटांतील साम्य समीक्षकांनी दाखवून दिले आहे. भेदही लक्षणीय आहेत. हिंदी चित्रपटातील दोन्ही बाजूंचे तरुण विद्यार्थीच आहेत, नायकाला शर्यतीकडे नेणारे कारण जखमी थोरल्या भावाचे आहे, आणि वडिलांच्या बंद पडत चाललेल्या उद्योगाचा संदर्भ तेथे नाही. 'ब्रेकिंग अवे'मध्ये हा संदर्भ सतत उपस्थित असतो: शर्यत जेथे होते त्या विद्यापीठाच्या भिंतींचा दगड शर्यत जिंकणाऱ्या मुलांच्या वडिलांनीच कापलेला आहे.